गाडी गल्लीच्या तोंडाशीच थांबणार, असं धरून चाला : बेळगाव-सीमाभागातल्या दुकानदार आणि कारखानदारांसाठी आगीची तयारी

बेळगावात वायरिंगची कामं घेऊन मला पंचवीस वर्षं होत आली. जळालेले बोर्ड पुष्कळ पाहिले, पण एक रात्र विसरत नाही. जुन्या पेठेतल्या एका गल्लीत साडेदहाच्या सुमाराला बंद दुकानाच्या शटरखालून धूर यायला लागला. शेजाऱ्यांनी लगेच फोन केला आणि गाडीही लवकर आली. पण गल्लीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना दुचाक्या, त्यापुढं एका दुकानाचा रस्त्यावर काढलेला पत्रा. गाडी आत येईना. जवानांनी पाईप जोडत जोडत दुकानापर्यंत आणला तर शटरला दोन कुलपं. मालक शहापूरला घरी झोपलेले, फोन सायलेंटवर. शटर तोडेपर्यंत खालचा मजला गेला होता. आग सुरू झाली होती जिन्याखालच्या मीटर बोर्डात, आणि बोर्डाखाली रिकामे खोके छातीएवढे रचलेले होते. ते वायरिंग माझं नव्हतं. असतं तरी खोके तिथंच रचले गेले असते, हे मला पक्कं ठाऊक आहे.

तेव्हापासून मी गिऱ्हाइकांना एकच सांगतो. अग्निशमनची गाडी येईल, पण तुमच्या दारापर्यंत येणार नाही, असं धरून तयारी करा. खडेबाजार, गणपत गल्ली, पांगुळ गल्ली या भागात ज्यानं संध्याकाळी सहाला मोटारसायकल घातली आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. खेड्यातल्या कारखान्याला गल्लीची अडचण नसते, तिथं अंतराची असते. दोन्हीकडं पहिली सात-आठ मिनिटं तुमची तुम्हालाच काढायची असतात.

पायरी १ : बंद करायच्या वेळी, वही घेऊन दुकान फिरा

दिवसा फिरू नका, गिऱ्हाईक असलं की काही दिसत नाही. दुकान आवरल्यावर एकट्यानं फिरा आणि तीन गोष्टी लिहा : कुठं काय तापतं, त्याच्या हातभर अंतरात जळण्यासारखं काय आहे, आणि तिथून बाहेर पडायची वाट कुठं अडते. एवढं लिहिलं की निम्मी यादी तयार होते.

धंदा बदलतो तशी यादीही बदलते. कापड दुकानात माळा हे पहिलं ठिकाण. गठ्ठे छताला टेकतात, मधे जुना हॅलोजन नाहीतर एलईडीचा ड्रायव्हर, म्हणजे दिव्याला वीज पुरवणारी डबी, गाडली जाते, आणि ते गरम होतंय हे महिनोन्महिने कुणाला कळत नाही. वडगाव-खासबागला यंत्रमागाच्या शेडमध्ये मोटरीवर आणि स्टार्टरवर सुताची धूळ बसते. ती नुसती घाण नसते, ठिणगी पडली तर एका मागावरून दुसऱ्यावर आग पळवणारं ते जळण असतं. आठवड्यातून एकदा मेन बंद करून ती काढा. चालू मागावर फुंकर मारत बसू नका.

उद्यमबागेत फाउंड्री चालवणाऱ्यांना वितळलेलं लोखंड मी शिकवायला नको, पण नवीन कामगाराला पहिल्याच दिवशी सांगा की तिथं पाण्याची बादली आणायची नाही. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १७०० पट जागा मागते, आणि बंद जागेत ती जागा स्फोटानं घेते. तिथं कोरडी वाळू, आणि कोरडी म्हणजे खरंच कोरडी. पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेला ढीग चालत नाही. हायड्रॉलिकच्या मशीनला फुटका होज असेल तर तेलाचा फवारा गरम भागावर जातो, म्हणून गळती दिसली की 'रविवारी बघू' म्हणायचं नाही.

निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत गोष्ट उलटी असते. तिथं ज्वाळा दिसत नाही. बोदाच्या, म्हणजे तंबाखूच्या गठ्ठ्याच्या, पोटात आग धुमसत राहते, वरून पाणी मारलं की विझल्यासारखी वाटते आणि पहाटे पुन्हा उठते. दाबलेल्या कापसाच्या गाठींचंही तसंच. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजावर कापसाच्या गाठींच्या शेजारी स्फोटकं भरलेली होती. धुमसणाऱ्या आगीनं शेवटी जहाज उडालं आणि गोदीबरोबर आसपासची वस्तीही होरपळली. त्या दिवसाची आठवण म्हणून १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात. वखारवाल्यांनी त्यातून घ्यायचं ते इतकंच : थप्प्यांमध्ये माणूस चालेल एवढी वाट सोडा, थप्पी भिंतीला टेकवू नका, आणि विझलेला माल त्याच दिवशी बाहेर मोकळ्यावर काढून उलगडा.

संकेश्वरकडच्या मिरचीच्या गोदामात आग लहान असली तरी धूर माणसाला आत उभं राहू देत नाही. खानापूर-चंदगड पट्ट्यात काजूच्या टरफलातलं तेल जोरात पेटतं, म्हणून टरफलाचा ढीग भट्टीपासून लांब हवा. फर्निचरवाल्यांनी पॉलिशच्या तेलकट चिंध्या कोपऱ्यात गोळा करून ठेवू नयेत. जवसाच्या तेलाची चिंधी बाहेरून कुणी काडी न लावताही आतून तापत जाऊन पेटू शकते. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाणी घालून त्यात टाका.

आणि एक नवीन पाहुणा : विजेवरची स्कूटर. दुकानाच्या जिन्याखाली, नेमकी बाहेर पडायच्या वाटेवर, ती चार्जिंगला लावलेली मी रोज बघतो. लिथियम बॅटरी पेटली तर विझल्यावरही परत पेटते. चार्जिंग उघड्यावर करा, जाग असताना करा, आणि जिन्यात कधीच करू नका.

पायरी २ : वीज

इथं मी जरा जास्त बोलणार, माझा धंदाच तो आहे.

दुकानाची वायर बहुतेक वेळा वाईट नसते, तिच्यावर टाकलेला भार वाईट असतो. वडिलांच्या काळात चार ट्यूबलाईट आणि दोन पंखे होते. त्याच वायरवर आता एसी, फ्रीज, बिलिंगचा कॉम्प्युटर, कॅमेरे आणि दिवाळीत बाहेरची रोषणाई. दीड टनाचा एसी एकटाच ७-८ अँपिअर घेतो. एमसीबी, म्हणजे जादा भार आला की आपोआप पडणारा स्विच, वारंवार पडायला लागला की मालक म्हणतात, "जरा मोठा टाक रे." हे वाक्य मी बंद करायला सांगतो. १.५ स्क्वेअर एमएमच्या वायरवर ३२ अँपिअरचा एमसीबी बसवला तर एमसीबी शांत राहतो आणि वायर भिंतीत भाजत राहते. एमसीबी वायरसाठी असतो, एसीसाठी नव्हे. सोळा अँपिअरच्या सॉकेटला किमान २.५ची तांब्याची वायर, एसीला ४ची आणि बोर्डापासून स्वतंत्र. खर्च वाटतो खरा, पण एका लग्नसराईच्या मालापुढं तो किती?

दुसरं, ढिले स्क्रू. आग लागते ती पुष्कळदा जोडात. अॅल्युमिनियमची वायर थेट तांब्याला पिळून टेप गुंडाळलेली असते, तो जोड वर्षागणिक ढिला होतो, तापतो, काळा पडतो. वर्षातून दोनदा, एकदा पावसाळ्यानंतर आणि एकदा उन्हाळ्याच्या तोंडावर, लायसनवाल्या माणसाकडून बोर्डातले सगळे स्क्रू आवळून घ्या. मधल्या काळात तुम्ही स्वतः एवढंच करायचं : भरगच्च धंद्याच्या वेळी स्विचच्या प्लेटवर हाताची मागची बाजू टेकवा. कोमट लागली, जळकट वास आला, दिवा फडफडला की तो स्विच बंद आणि मला, म्हणजे तुमच्या इलेक्ट्रिशियनला, फोन.

तिसरं, आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की आपोआप पडणारा स्विच. एमसीबी जास्त करंट गेला तर पडतो, गळती ओळखत नाही. माणसाला शॉकपासून वाचवायला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी लागतो. गळतीतून आग लागू नये म्हणून मेनला ३०० मिलीअँपिअरचा लावतात. दोन्ही असले तर उत्तम. त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा, पडलं पाहिजे. पडलं नाही तर ती डबी भिंतीवरची शोभा आहे. आणि अर्थिंग नावापुरतं नको, मोजून घ्या.

चौथं, रात्र. मी नवीन दुकानाचा बोर्ड करतो तेव्हा दोन भाग पाडतो. फ्रीज, कॅमेरे आणि एक दिवा 'रात्रीचा' भाग, बाकी सगळं 'दिवसाचा'. जाताना दिवसाचा मेन पाडायचा, बस. आणि शटर ओढायच्या आधी देव्हाऱ्याकडं एकदा बघायचं. संध्याकाळी लावलेली समई, उदबत्ती, कापूर तसाच ठेवून आपण बाहेरून नमस्कार करून निघतो. देव रागावणार नाही, शांत करून निघा. मच्छराच्या कॉईललाही हेच लागू.

मीटरच्या बोर्डापुढं किमान तीन फूट जागा मोकळी ठेवा. जमिनीवर पिवळा पट्टा मारा, नाहीतर आठ दिवसांत खोके परत येतात. मीटरच्या अलीकडची, म्हणजे खांबावरून येणारी वायर हेस्कॉमची, म्हणजे वीज कंपनीची, असते. तिथं ठिणग्या दिसल्या तर शिडी लावू नका, १९१२ ला तक्रार करा आणि तक्रारीचा नंबर लिहून ठेवा.

पायरी ३ : गॅस आणि कढई

खाणावळ, बेकरी, कुंद्याची भट्टी, वडापावची गाडी, सगळ्यांना हे सारखंच. व्यावसायिक सिलिंडर १९ किलोचा असतो. एलपीजी हवेपेक्षा जड. गळला तर वर जात नाही. फरशीवरून सरकत जाऊन गटारात, खड्ड्यात, तळघरात साचतो. म्हणून सिलिंडर तळघरात नको, जमिनीच्या पातळीवर आणि शक्यतो इमारतीबाहेर जाळीच्या कपाटात, उभाच ठेवा. द्रवाचा वायू झाला की तो सुमारे अडीचशे पट पसरतो, एवढं लक्षात ठेवलं तर थोड्या गळतीला 'थोडी' म्हणायचं धाडस होत नाही. एका जागी विनापरवाना १०० किलोपेक्षा जास्त एलपीजी साठवता येत नाही, म्हणजे १९ किलोचे पाचच. लग्नाच्या ऑर्डरीला आठ-दहा आणून मागच्या बोळात ठेवतात ते नियमातही बसत नाही आणि शहाणपणातही.

रोज सकाळी पेटवायच्या आधी जोडावर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले की गळती. काडी लावून गळती शोधणारे बहाद्दर अजून आहेत, त्यांना स्वयंपाकघरातून बाहेर काढा. नळीवरची तारीख वाचा, संपली असेल तर बदला.

वास आला तर क्रम असा. आधी ज्वाला बंद, मग सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद, मग दारं-खिडक्या सताड उघड्या. कुठलाही स्विच दाबायचा नाही. चालू करायचा नाही तसा बंदही करायचा नाही, एक्झॉस्ट फॅनसुद्धा नाही, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडते. माणसं बाहेर, आणि बाहेर जाऊन १९०६ ला फोन. मोबाईल आत वापरू नका.

कढईतल्या तेलानं पेट घेतला तर गॅस बंद करा, आणि मोठं झाकण किंवा परात बाजूनं सरकवत वर ठेवा. परत उघडून बघू नका, तासभर तसंच राहू दे. पाणी अजिबात नाही; वाफेचा तो १७०० पटीचा हिशेब इथंही लागू, फक्त लोखंडाऐवजी पेटतं तेल अंगावर येतं. झाकण कढईच्या मापाचं आणि हाताशी असलं पाहिजे. मी अशी हॉटेलं पाहिली आहेत जिथं कढई वीस लिटरची आणि झाकण घरच्या पातेल्याचं.

पायरी ४ : वाट

लोक ज्वाळेनं कमी आणि धुरानं जास्त दगावतात. बेंगळूरच्या कार्लटन टॉवरमध्ये २३ फेब्रुवारी २०१० ला नऊ जण गेले, ते धूर आणि बाहेर पडायला न मिळालेली वाट यामुळं. दिल्लीच्या अनाज मंडीत ८ डिसेंबर २०१९ च्या पहाटे ४३ जण गेले, त्यातले बहुतेक कारखान्यातच झोपलेले कामगार होते. आणि आपल्याकडं, २०२४ च्या ऑगस्टमध्ये नावगे इथल्या चिकटपट्टीच्या कारखान्यातल्या आगीत एक तरुण कामगार लिफ्टमध्ये अडकून दगावला. लिफ्ट वापरायची नाही ही पाटी लिफ्टच्या दारावर आतून-बाहेरून लावा. मालाच्या लिफ्टवरही.

आता जे कुणी मोठ्यानं बोलत नाही ते. बेकरीत, हॉटेलात, कापड दुकानात बाहेरगावची पोरं रात्री आतच झोपतात, आणि मालक बाहेरून कुलूप लावून जातात, चोरीच्या भीतीनं. हे आजच्या आज थांबवा. झोपणाऱ्याच्या हाताशी आतून उघडणारं दार किंवा किल्ली असलीच पाहिजे, खिळ्याला टांगलेली आणि अंधारात हाताला लागणारी. मागच्या खिडकीला लोखंडी गज असतील तर एका खिडकीला आतून उघडणारी जाळी बसवून घ्या, वेल्डरचं एक दिवसाचं काम आहे. माळ्यावर झोपणं बंदच करा. धूर आधी वर जातो, आणि शिडी एकच असते. चोरीचा विमा काढता येतो.

दुसरं दार नसेल तर? जुन्या पेठेत बहुतेकांना नसतं. मग आहे ती वाट तरी कायम मोकळी हवी : जिन्यात माल नाही, दारात सेलचं टेबल नाही, शटर अर्धं ओढून काम नाही. विजेवर चालणारं शटर असेल तर वीज गेल्यावर ते हातानं कसं उचलायचं हे प्रत्येकानं स्वतः एकदा करून बघावं. वाटेवर बॅटरीवर चालणारा एक आपत्कालीन दिवा लावा. धुरात मेन पाडला की दुकान काळंकुट्ट होतं, आणि रोजची जागा असली तरी माणूस काउंटरला धडकतो. धुरातून निघताना खाली वाकून, गरज पडली तर रांगत, भिंतीला हात लावून निघायचं.

पायरी ५ : लाल डबा

एबीसी पावडरचा, म्हणजे लाकूड-कापड, तेल आणि गॅस अशा तिन्ही आगींवर चालणारा, आग विझवायचा सहा किलोचा सिलिंडर बहुतेक दुकानांना चालतो. कॉम्प्युटर, यूपीएस किंवा मोठं पॅनल असेल तिथं कार्बन डायऑक्साइडचा घ्या, कारण पावडर आगीबरोबर मशीनचंही वाटोळं करते. आयएसआय मार्क बघा. डबा दाराजवळ टांगा, भट्टीजवळ नको. आग भट्टीला लागली तर तो घ्यायला भट्टीतच जाणार का? दुकानात कुठूनही १५ मीटरच्या आत तो हाताला आला पाहिजे. महिन्यातून एकदा काट्याकडं बघा, हिरव्यात हवा. वर्षातून एकदा सर्व्हिसिंग, आणि कार्डावर तारीख. एका शोरूममध्ये मी डबा उतरवला तेव्हा त्याचं प्लॅस्टिकचं वेष्टण तसंच होतं आणि काटा लालमध्ये. मालक म्हणाले, "नवीन आहे हो, चार वर्षांपूर्वीचाच."

वापरायची रीत चार शब्दांत : पिन ओढा, नळी आगीच्या मुळाकडं, दांडा दाबा, झाडू मारल्यासारखी फिरवा. सहा किलोचा डबा वीसेक सेकंदांत संपतो, म्हणून दुरून ज्वाळेच्या शेंड्यावर मारून उपयोग नाही. आणि तो हातात घ्यायच्या आधी स्वतःला विचारा : फोन झाला का, आग बादलीएवढीच आहे का, माझ्या पाठीमागं दार आहे का. एकाचं उत्तर 'नाही' असेल तर डबा टाका आणि बाहेर पडा, जाताना दार ओढून घ्या. लावलेलं साधं लाकडी दारसुद्धा धूर अडवून ठेवतं.

पायरी ६ : एक कागद, दोन भाषा

जाडजूड फाइल नको. एका पानावर मावेल एवढीच योजना करा आणि गल्ल्यामागं चिकटवा. सहा-सात माणसांच्या खाणावळीसाठी मी लिहून दिलेला कागद साधारण असा होता :

मोठ्यानं 'आग' ओरडणं – जो पहिला बघेल तो, मालकाला विचारायला जायचं नाही.
११२ ला फोन – गल्ल्यावरचा.
गॅसचे व्हॉल्व्ह – आचारी.
मेन पाडणं – चहावाला पोरगा, बोर्ड त्याच्या शेजारी आहे.
गिऱ्हाइकं बाहेर – दोन्ही वाढपी; एक पुढून, एक संडासाकडं बघून.
नाक्यावर उभं राहून गाडीला वाट दाखवणं – भांडी घासणारे काका.
मोजणी – समोरच्या मारुतीच्या कट्ट्यावर, मालक. मोजून होईपर्यंत कुणी घरी जायचं नाही आणि कुणीही परत आत जायचं नाही, गल्ल्यासाठीसुद्धा नाही.

हा कागद मराठीत आणि कन्नडात लिहा. मालक मराठी, आचारी कन्नड, अशीच आपली दुकानं आहेत. भाषेचं राजकारण बाहेर कितीही असो, धुरात माणसाला त्याच्या भाषेतलाच शब्द कळतो. मराठी मालकानं 'बेंकी' आणि 'होरगे', म्हणजे आग आणि बाहेर, हे दोन शब्द घशात तयार ठेवावेत. फोनवरही तेच. पलीकडचा माणूस कन्नडच बोलणारा असू शकतो. 'बेंकी हत्तिदे, बेग बर्री', म्हणजे आग लागली आहे, लवकर या, एवढं आलं तरी पुरतं, पुढं पत्ता.

पत्ता मात्र आपल्याला सांगता येत नाही. 'जुन्या टॉकीजच्या मागं', 'अमक्या अण्णाच्या दुकानाशेजारी' हे गल्लीत चालतं. फोनशेजारी लिहून ठेवा : दुकानाचं नाव, पाटीवर आहे ते गल्लीचं नाव, मोठ्या रस्त्यावरची ठळक खूण, गाडी कुठल्या बाजूनं आत येऊ शकते, आत कुणी अडकलंय का, आणि काय जळतंय. गॅस किंवा थिनर असेल तर ते आधी सांगा. समोरच्यानं ठेवल्याशिवाय फोन ठेवू नका.

सीमेवरच्यांना आणखी एक. निपाणीच्या पलीकडं कागल, आपल्या पश्चिमेला शिनोळी, हे महाराष्ट्र. मोबाईलला कधी इकडचा टॉवर मिळतो, कधी तिकडचा. ११२ दोन्ही राज्यांत चालतो, पण फोन कुठल्या राज्याच्या कक्षात लागला ते तुम्हाला कळत नाही. म्हणून पहिलं वाक्य 'कर्नाटक, बेळगाव जिल्हा, तालुका अमुक' असंच करा. १०१ आणि तुमच्या तालुक्याच्या अग्निशमन केंद्राचा थेट नंबरही कागदावर हवा. तो केंद्रावर स्वतः जाऊन घ्या, तेवढ्यानं ओळखही होते. रुग्णवाहिकेसाठी १०८.

भाजलेल्यावर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई, काही नाही. कपडे पेटले तर पळू नये, जमिनीवर लोळावं.

पायरी ७ : गल्ली

तुमचं दुकान कितीही नीट असलं तरी भिंत सामाईक आहे. जुन्या कौलारू इमारतींत तर वरचा माळा तीन-चार दुकानांवरून सलग जातो, आग खालून नाही तर कौलाखालून पलीकडं जाते. म्हणून गल्लीतल्या दुकानदारांनी एकदा चहाला बसावं. विषय तीनच. दुचाक्या एकाच बाजूला. पुढं काढलेले पत्रे आणि छत्र्या गाडीच्या मापानं मागं. आणि रात्रीच्या किल्ल्या.

किल्ल्यांचं मी असं सुचवतो : शटरच्या वरच्या पट्टीवर, रस्त्याच्या पलीकडून वाचता येईल एवढ्या आकड्यांत, दोन मोबाईल नंबर रंगवून घ्या. एक तुमचा, एक जवळ राहणाऱ्याचा. त्या दोन नंबरांना रात्री फोन वाजेल अशी सोय ठेवा. गुरख्याकडंही तीच यादी द्या. व्हॉट्सॲपचा ग्रुप असतोच, पण रात्री अडीचला तो कोण बघतं?

गणेशोत्सवात मंडप आणि शिवजयंतीला चित्ररथ, तेव्हा हीच गल्ली आणखी अरुंद होते. मंडप घालायच्या आधी मंडळाच्या पोरांना बोलवा, गाडी जाईल एवढी वाट सोडायला सांगा आणि मंडपाची वीज दुकानाच्या सॉकेटमधून देऊ नका. वर्गणी द्या, कनेक्शन नको.

पायरी ८ : कागदपत्रं

विमा असतो, पण रक्कम दहा वर्षांपूर्वीची असते. माल २० लाखांचा आणि विमा १० लाखांचा असेल, तर ४ लाखांचं नुकसान झाल्यावर कंपनी त्याच प्रमाणात, म्हणजे साधारण २ लाखच देते. हा सरासरीचा नियम मालकांना आग लागल्यावर कळतो. पाच कोटींपर्यंतच्या छोट्या धंद्यांसाठी एप्रिल २०२१ पासून 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही ठरावीक पॉलिसी आहे, तीत १५ टक्क्यांपर्यंतचा असा कमीपणा माफ असतो. एजंटाला नावानिशी विचारा. दसऱ्या-दिवाळीचा माल भरला की रक्कम वाढवून घ्या. मालाची यादी, खरेदीची बिलं, मशीनचे फोटो दुकानाबाहेर कुठंतरी ठेवा. जळालेल्या कपाटातल्या बिलांचा उपयोग कुणाला?

आग लागून गेल्यावर लगेच साफसफाई करू नका. फोटो काढा, कंपनीला कळवा, पोलिसांत नोंद आणि अग्निशमन विभागाचा दाखला घ्या. वीज परत जोडण्याआधी वायरिंग तपासून घ्या, ओल्या बोर्डावर मेन चढवणारा मालक मी पाहिलेला आहे.

पायरी ९ : तालीम

दर तीन महिन्यांनी, दहा मिनिटं. एप्रिलमध्ये १४ ते २० अग्निशमन सप्ताह असतो, तेव्हा केंद्रावर विनंती करा, जवान येऊन डबा चालवून दाखवतात. बाकीच्या वेळी तुम्हीच करा, न सांगता.

वरचा कागद लिहून दिला त्या खाणावळीत पहिली तालीम घेतली तेव्हा दोन वाढप्यांनी सरळ धूम ठोकली आणि मालक गल्ल्याचा ड्रॉवर काढून बाहेर आले. सगळे पोट धरून हसले. दुसऱ्या वेळी गिऱ्हाइकं नीट बाहेर आली, फोन झाला, काका नाक्यावर जाऊन उभे राहिले, मोजणीही बरोबर जमली. आत जाऊन पाहिलं तर दोन्ही शेगड्या चालू. आचारी त्या दिवशी लेकीला बघायला गोकाकला गेला होता, आणि कागदावर त्याच्या कामापुढं दुसरं नाव नव्हतं. आता प्रत्येक ओळीपुढं दोन नावं आहेत, आणि जो रजेवर जाईल त्यानं आदल्या दिवशी आपल्या नावावर पेन्सिलीनं रेघ मारायची असते.